मामाचा सीपीयू : माळ्यावरून उतरवल्यानंतरच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

दसरा दापोलीत झाला. परत येताना गाडीच्या मागच्या सीटवर मामाचा सीपीयू आडवा घालून पुण्याला आणला. मामा अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो, सगळी दापोली म्हणते. नोंदींत मीही तेच म्हणणार. आतल्या चिपला प्रोसेसर.

यंत्र २००३ चं, पुण्यातच जुळवून घेतलेलं. पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. यावर मामानं आठ वर्षं डीटीपीचा धंदा केला : लग्नपत्रिका, तेराव्याच्या चिठ्ठ्या, आंब्याच्या पेट्यांची लेबलं. २०११ मध्ये दुकान बंद केलं आणि हा माळ्यावर गेला. म्हणजे चौदा पावसाळे.

काम असं : मामाच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायची आहे. पहिलीची २१६ पानं मामानं याच यंत्रावर पेजमेकरमध्ये लावली. छापील प्रत हातात आहे, पण वंशवेलींचे तक्ते पुन्हा टाइप करायला कोणी तयार नाही.

निघताना मामा म्हणाला, "ठेवला तेव्हा व्यवस्थित चालू होता. नुसतं बटण दाब."

बटण दाबलेलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

गच्चीत नेऊन उघडला. मामानं आगोटीच्या आधी प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून सुतळीनं बांधला होता. हेतू चांगला, पण आत अडकलेली दमट हवा बाहेर जायची वाटच त्यानं बुजवली. उघड्यावर असता तर धूळ जास्त बसली असती आणि गंज कमी चढला असता, असं मला वाटतं. मामाला हे सांगणार नाही.

आत सापडलेला ऐवज : पॉवर सप्लायच्या पंख्याच्या जाळीत कुंभारमाशीचं मातीचं घर, चक्क चार खोल्यांचं. तळाशी वाळलेली पाल. केबलींच्या बेचक्यात झुरळांची अंडी. कार्डांच्या मागच्या पत्र्यांवर तांबूस गंज. प्रोसेसरचा पंखा बोटानं फिरवला तर पाव वळसा जाऊन थांबला. वंगणाचं मेण झालंय.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मोजला : ३ व्होल्टऐवजी ०.४. गळलेला नाही, एवढं नशीब.

मऊ ब्रशनं माती काढली आणि हार्ड डिस्क सोडवून बाजूला ठेवली. बाकीचं सगळं मेलं तरी चालेल, हिला आधी वाचवायचं. ही डिस्क लावलेली असताना त्या जुन्या पॉवर सप्लायला वीज दाखवायची नाही, हा नियम स्वतःलाच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलाय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डिस्क यूएसबी-आयडीई अडॅप्टरवर लावली (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कांची रुंद केबलीची जोडणी). अडॅप्टरला स्वतःचा वेगळा पॉवर सप्लाय आहे. स्विच दिला तेव्हा श्वास रोखून धरला होता. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डिस्कमध्ये हेड प्लेटला चिकटून बसतं किंवा बेअरिंगचं तेल घट्ट होतं. मग मोटर नुसती कण्हते. दोन सेकंद ती कण्हलीच. मग विमान सुटावं तसा आवाज चढत गेला आणि स्थिर झाला.

एकही फाइल उघडून पाहिली नाही. थेट लिनक्स लॅपटॉपवर डीडीरेस्क्यू लावून पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यायला सुरुवात केली. हा प्रोग्राम शहाणा : सोपं ते आधी उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, आणि अडलेल्या जागांकडे शेवटी परत येतो. साधी कॉपी पहिल्याच खराब सेक्टरवर डोकं आपटत बसते आणि तेवढ्यात डिस्क राम म्हणते.

पहिला फेरा ३८ मिनिटं. त्यानंतरच्या फेऱ्यांना रात्रीचे अडीच. हाती न लागलेला भाग : २८४ केबी. चाळीस जीबीत एवढंसं म्हणजे काहीच नाही, पण ते नेमकं कुठलं, हे अजून पाहिलेलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

प्रतिमेतल्या कुलवृत्तांताच्या फाइली लॅपटॉपवर उघडायचा प्रयत्न केला. अपेक्षेप्रमाणे अक्षरांच्या जागी टिंबं आणि टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं. युनिकोड रुळायच्या आधीचे फॉन्ट हे असे : रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचा तुकडा बसवलेला, आणि कुठल्या क्रमांकावर कुठला तुकडा हे ज्याचं त्यानं ठरवलेलं. फॉन्टचा प्रोग्राम मात्र प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकशिवाय (चोरून केलेली प्रत चालू नये म्हणून दिलेला छोटा प्लग) उघडत नाही. लॉक मामानं जपून ठेवलंय, साखरेच्या डब्यात. माझ्या लॅपटॉपला तसला पोर्ट नाही आणि यूएसबीचे प्रिंटर कन्व्हर्टर अशा लॉकना फसवू शकत नाहीत. ते कन्व्हर्टर फक्त छापण्यापुरते. लॉकला खरा पोर्ट खऱ्या पत्त्यावर लागतो.

म्हणजे सीपीयूच जिवंत करायचा. मनातून मला हेच हवं होतं, हेही इथं नोंदवून ठेवतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज पॉवर सप्लाय. मदरबोर्डपासून पूर्ण सोडवला.

अॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणारी छोटी डबी) ऑक्साइडचा एक पातळ थर विजेला अडवून धरतो. वीज मिळत राहिली तर तो थर आपोआप दुरुस्त होत राहतो. वर्षानुवर्षं बंद ठेवला की झिजतो. अशा वेळी एकदम २३० व्होल्ट दिले तर कॅपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फटाक्यासारखा वाजतो. म्हणून सिरीज दिवा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची ही जुनी युक्ती : मेन लाइनमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि वीज स्वतः खातो. सगळं ठीक असेल तर एकदा लखलखून मंद होतो. एलईडीच्या जमान्यात तारेचा १०० चा बल्ब मिळवायला तीन दुकानं पालथी घातली.

बल्ब लखलखला, मंद झाला, पण पूर्ण विझायला जवळपास मिनिट लागलं. थर पुन्हा बसत असावा. तसाच अर्धा तास ठेवला. मग हिरवी तार काळीला जोडून सप्लाय जागा केला. पंखा फिरेना, सुईनं तेलाचा एक थेंब दिल्यावर कुरकुरत फिरला. पिवळी १२.१, लाल ५.०८, नारिंगी ३.३१. १२, ५ आणि ३.३ या ठरलेल्या व्होल्टच्या पाच टक्क्यांच्या आत सगळं. खूश.

(घरी कोणी हे करून पाहणार असेल तर : प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास बसलेले असतात. झाकण उघडायच्या आधी मोजा. मी एकदा मोजलं नव्हतं, कॉलेजात असताना. कोपरापर्यंत आठवतंय.)

१२ ऑक्टोबर, रविवार

नवा सेल घातला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती, खरवडून नवी लावली, पंखा नवा बसवला. डिस्क नाही, कार्ड नाही, फक्त एक रॅम आणि मॉनिटर.

बटण दाबलं. लांब बीप, पुन्हा लांब बीप, थांबायचं नाव नाही. या अॅवॉर्ड बायोसच्या (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) भाषेत याचा अर्थ रॅम दिसत नाही. पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली, खाच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं धुतली. ब्रश हिरवट होऊन बाहेर आला. दोनदा पुसून, वाळवून पुन्हा लावली.

एकच छोटी बीप. मग पडद्यावर ओळ : सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. म्हणजे जपलेली सेटिंगं गेली, मूळची घातली. खाली फ्लॉपी सापडत नसल्याची तक्रार. तारीख १ जानेवारी २००२. आईला दाखवायला बोलावलं, ती म्हणाली, "हे तर इंग्रजीत कुरकुरतंय." बरोबर आहे, पण कुरकुरतोय म्हणजे जिवंत आहे.

तारीख दुरुस्त केली, फ्लॉपी बंद केली. बाकी सेटिंगं जशी आली तशी राहू दिली. हे वाक्य पुढे मला महागात पडणार होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सात वाजता बटण दाबलं तर काहीच नाही. पंखासुद्धा हलत नाही. ऑफिसला गेलो. संध्याकाळी पहिल्या झटक्यात सुरू.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पुन्हा मेलेला. आज मल्टिमीटर हाताशी ठेवला होता. जांभळी तार, म्हणजे बटण दाबायच्या आधीपासून मदरबोर्डला जागं ठेवणारा ५ व्होल्टचा स्टँडबाय : ४.२८. किमान ४.७५ हवा. बायकोचा हेअर ड्रायर आणून सप्लायच्या जाळीतून दोन मिनिटं गरम हवा सोडली. आकडा चढत चढत ४.९ वर. बटण दाबलं, सुरू.

थंड असताना आडमुठा आणि ऊब मिळाली की शहाणा : आतलं द्रव सुकत आलेल्या कॅपॅसिटरची ही खूण. शनिवारी मी तिन्ही मोठे व्होल्टेज मोजून खूश झालो, पण ते दुपारी तीनला, अर्धा तास तापलेल्या सप्लायवर. जांभळी तार मोजलीच नव्हती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

स्टँडबायच्या बाजूचे दोन कॅपॅसिटर काढले. एकावर १००० मायक्रोफॅरड छापलंय, मीटरवर १४०. दिसायला सपाट, स्वच्छ, जराही फुगलेला नाही. नुसतं बघून निकाल देणाऱ्यांसाठी तो टेबलावर उभा करून ठेवलाय. दोन्ही बदलले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सात, गार सप्लाय, ५.०२. सुरू.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

डिस्कची प्रतिमा १२० जीबीच्या एसएसडीवर उतरवली आणि ती साटा-आयडीई कन्व्हर्टरवरून (नवी जोडणी जुन्या केबलला जुळवणारा) लावली. मूळ डिस्क कपाटात कुलुपात. पहिल्यांदा एसएसडी दिसली नाही. जुन्या केबलची एक तार वाकवली की तुटत होती. नवी केबल घातली आणि विंडोज ९८ चे ढग दिसले. मामाच्या पडद्यावर हर्णैचं बंदर.

अकरा मिनिटांनी सगळं थिजलं. माऊस नाही, कीबोर्ड नाही. पुन्हा चालू केलं, नऊ मिनिटं. पुन्हा, सात.

आधी संशय सप्लायवरच. मित्राकडून चालता सप्लाय आणून लावला (हल्लीच्या २४ पिनांच्या प्लगमधल्या चार पिना वेगळ्या करता येतात, उरलेल्या २० बसतात). तरी थिजला. म्हणजे सप्लाय निर्दोष, आणि दुखणं दुसरंच. एका दुखण्यानं दुसरं झाकलं होतं. पाच मिनिटंसुद्धा नीट चालत नव्हता, तोवर अकराव्या मिनिटाचा आजार कळणार कसा?

टॉर्च घेऊन प्रोसेसरच्या शेजारची रांग पाहिली. सहा कॅपॅसिटर, १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट. तिघांच्या डोक्यावर टेकाड, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. हे पाप माळ्याचं एकट्याचं नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळात बाजारात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर मोठ्या प्रमाणावर आले आणि कितीतरी कंपन्यांच्या बोर्डांवर बसले. ते चालू यंत्रातसुद्धा फुगायचे. मामाला विचारलं तर म्हणाला, "शेवटी शेवटी मधूनच अडकायचा हो. मी रीस्टार्ट करायचो." म्हणजे "व्यवस्थित चालू होता" याचा अर्थ हा.

सणाची गर्दी कापत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आलो. १०५ अंश तापमान सोसणारे, लो ईएसआरचे (आतला अडथळा कमी असलेले) कॅपॅसिटर, आठ नग.

१९ ऑक्टोबर, रविवार

आईला फराळाचे डबे ठेवायला टेबल हवं होतं. दुपारपर्यंतची मुदत मिळाली.

काढणंच अवघड. मदरबोर्ड चार थरांचा. आतला तांब्याचा थर सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता पिऊन टाकतो. २५ वॅटच्या आयर्ननं दहा मिनिटं नुसता धूर. ६० वॅटचा घेतला, जुन्या सोल्डरवर आधी ताजा ६०/४० वितळवून मिसळला, मग एक पाय तापवायचा आणि कॅपॅसिटर किंचित कलंडवायचा, दुसरा पाय, पुन्हा कलंडवायचा. दात पाडल्यासारखं, पण हिसका नाही. हिसका दिला की भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर सुटून येतं आणि बोर्ड भंगारात. भोकं मोकळी करायला पंप पुरेना. शेवटी तापवून मागून टूथपिक घुसवली. लाकडाला सोल्डर चिकटत नाही.

दिशा : बोर्डावर अर्धं वर्तुळ पांढरं रंगवलेलं असतं. बहुतेक बोर्डांवर ती ऋण बाजू, पण सगळ्यांवर नाही! काढायच्या आधी फोटो घेतला होता म्हणून निभावलं. या बोर्डावर पांढरी बाजू धन निघाली.

तळावरचा तपकिरी डाग ट्रॅकवर पसरला होता, तो अल्कोहोलनं तीनदा धुतला. अडीच वाजता टेबल आईच्या ताब्यात.

२० ऑक्टोबर, सोमवार, पहिली अंघोळ

उटणं, चकली, मग बटण. चार तास अखंड चालला. थिजला नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लॉक लावलं, फॉन्टचा प्रोग्राम उघडला. "लॉक सापडलं नाही."

लॉकच्या पिना चमकेपर्यंत घासल्या. पोर्ट धुतला. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. पोर्टच्या भोकांत कुंभारमाशीची माती राहिली असेल म्हणून दातकोरण्यानं पंचवीसच्या पंचवीस तपासली. रात्री एकपर्यंत. सापडलं नाही. लक्ष्मीपूजनाचा अर्धा दिवस यात गेला आणि घरात त्यावर बोलणी खाल्ली, ती रास्त होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

मामा ओवाळून घ्यायला आला. पाटावरून उठला तो थेट माझ्या खोलीत. पडदा पाहून जरा वेळ गप्प उभा राहिला, मग खुर्ची ओढली.

मी लॉकचं रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, "असं मागे एकदा झालेलं. सेल बदलला तेव्हा. त्या पोरानं निळ्या पडद्यात जाऊन प्रिंटरचं काहीतरी केलं."

सेल बदलला तेव्हा! बायोसमध्ये गेलो. प्रिंटर पोर्ट ईसीपीवर होता (ईसीपी आणि ईपीपी या पोर्ट चालवायच्या दोन पद्धती). सेल संपला की बायोस स्वतःच्या मूळ सेटिंगवर जातं, आणि मामाचं सेटिंग त्या ०.४ व्होल्टमध्ये केव्हाच विरून गेलं होतं. मी बारा तारखेला तारीख आणि फ्लॉपी एवढंच दुरुस्त करून पुढे निघालो होतो. ईपीपी केलं, पत्ता ३७८ कायम. लॉक सापडलं.

मंगळवारची रात्र ज्या पिना घासण्यात घालवली, त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मामानं कुलवृत्तांत उघडला, पान ९४ वर गेला आणि कीबोर्डकडे न बघता "श्री" टाइप केलं. बोटं विसरली नव्हती. मग ते पुसून टाकलं, सेव्ह न करता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पोस्टस्क्रिप्ट (पान छापण्यासाठी प्रिंटरला सांगायची भाषा) प्रिंटरचा ड्रायव्हर घालून, पोर्टऐवजी "फाइल" निवडून सगळी प्रकरणं छापली. विंडोज ९८ पेनड्राइव्ह ओळखत नाही, म्हणून एसएसडीच काढून लॅपटॉपला लावली आणि घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामनं त्या फाइलींच्या पीडीएफ केल्या. फॉन्ट आत बांधलेले, कुठेही तशाच दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम मामेबहिणीनं घेतलंय.

२१६ पैकी २०५ पानं झाली. सातवं प्रकरण उघडताना पेजमेकर बंद पडतो.

१ नोव्हेंबर, शनिवार

त्या २८४ केबीचा हिशोब आज लागला. डीडीरेस्क्यूला न वाचलेल्या जागी एक ठरावीक खूणशब्द भरायला सांगता येतं. मग तो शब्द कुठल्या फाइलींत सापडतो ते शोधायचं. चार ठिकाणी सापडला : दोन लग्नपत्रिका (त्या जोडप्यांची मुलं आता कॉलेजात असतील), एक आंब्याचं लेबल, आणि कुलवृत्तांताचं सातवं प्रकरण.

मामाच्या फोल्डरात "कुल७", "कुल७नवे" आणि "कुल७फा" अशा तीन फाइली. भोक पडलंय ते "फा", म्हणजे फायनलला. "कुल७नवे" उघडली. छापील पुस्तकाशी ओळ न ओळ ताडून पाहिली : तीन जन्मसालं चुकीची, एक सून गायब, आणि मामाची नात नाही. ती त्या दोन फाइलींच्या मधल्या महिन्यात जन्मली.

फोन केला. मामा म्हणाला, ती ओळ मी येऊन टाइप करतो, तू हात लावू नकोस.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या गाडीनं आला. ओळ टाइप केली, छापली, पीडीएफ तपासली. २१६.

जेवताना म्हणाला, "आता कधी आणून देतोस? माळ्यावरची जागा झाडून ठेवलीय. या वेळी प्लास्टिक दुप्पट आणलंय."

सीपीयू तूर्त माझ्याकडेच, हॉलमध्ये, महिन्यातून एकदा तासभर चालवायचा असं ठरलं. कॅबिनेटच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं : प्रिंटर पोर्ट ईपीपी, पत्ता ३७८. सेल ऑक्टोबर २०२५.